नवशिक्याने हेलिकॉप्टरची प्रतिकृती आणि तिचे इंजिन कसे निवडावे

रेडिओच्या लहरींवर चालणारे छोटेखानी हेलिकॉप्टर घेण्याचे ज्याच्या मनाने एकदा घेतले, तो पहिला प्रश्न बहुधा इंजिनाविषयीच विचारतो. आणि चाकणपासून भोसरी-पिंपरीपर्यंत ज्या पट्ट्यात रात्रंदिवस इंजिने, गिअर आणि बेअरिंगे यांचाच उद्योग चालतो, त्या पट्ट्याच्या पश्चिम काठावरील मारुंजीसारख्या गावात हा प्रश्न आधी सुचावा, हे स्वाभाविकच आहे. तथापि या छंदात जे नाउमेद होऊन परत फिरतात, त्यांपैकी पुष्कळांचे पाऊल याच ठिकाणी वाकडे पडलेले असते, असे माझे निश्चित मत आहे. नवशिक्याने आधी उडवण्याची जागा पाहावी, त्यानंतर सुटे भाग कोठून मिळतील याची चौकशी करावी, त्या दोहोंवरून यंत्राचा आकार ठरवावा आणि इंजिनाचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम मी का सांगतो, ते आता विस्ताराने मांडतो.

विमानाची प्रतिकृती आणि हेलिकॉप्टरची प्रतिकृती यांत मूलभूत भेद आहे. नीट जुळवलेले विमान, ट्रान्समीटरच्या काठ्या क्षणभर सोडल्या तरी, आपल्या पंखांच्या आधाराने काही अंतर सरळ तरंगत जाते. हेलिकॉप्टरला असा स्वाभाविक तोल नाही. ते हवेत एका जागी स्थिर दिसते, तेव्हाही उडवणाऱ्याचे दोन्ही अंगठे अखंड सूक्ष्म दुरुस्त्या करीत असतात, आणि त्या थांबताच यंत्र एका अंगाला कलून वेग घेऊ लागते. शिवाय मुख्य रोटर ज्या दिशेला फिरतो, तिच्या उलट दिशेला धड फिरू पाहते व त्याला आवर घालण्याचे काम शेपटीचा लहान रोटर करतो. म्हणजे वरची ताकद वाढवली की शेपटीची मात्राही त्याच क्षणी बदलावी लागते. जर्मनीतील डीटर श्लुटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही कोंडी फोडली, १९७० साली आपल्या प्रतिकृतीने विक्रम नोंदवले आणि पुढे विक्रीसाठी संचही सिद्ध केले. त्या काळी शेपूट सांभाळण्याची सारी जबाबदारी उडवणाऱ्याच्या अंगठ्यावरच असे. पुढे शेपटीचे भरकटणे आपोआप आवरणारा जायरो आला, आणि गेल्या दीड-दोन दशकांत मुख्य रोटरवरची फ्लायबार ही तोलाची आडवी दांडी जाऊन तिचे काम तीन अक्षांच्या विद्युत-जायरोकडे आले. आजच्या नवशिक्याने फ्लायबारविरहित, आणि शक्यतो काठी सोडताच आपोआप समतल होण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे. अशा सोयीमुळे शिकणे कच्चे राहते, असा एक कडवा पक्ष आहे. परंतु पहिल्या महिन्यात यंत्र शाबूत राहिले तरच दुसऱ्या महिन्यात काही शिकता येईल, हे त्या पक्षाने ध्यानात घ्यावे.

आकारांविषयी थोडे सांगतो. एकाच दांड्यावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन रोटर असलेले हेलिकॉप्टर घराच्या दिवाणखान्यात उत्तम चालते, पण वाऱ्याच्या झुळकेपुढे ते टिकत नाही. मुलांसाठी ते जरूर घ्यावे, पण त्यावर मोठ्या यंत्राची तालीम होईल अशी अपेक्षा धरू नये. पात्यांचा कोन कायम असलेले, म्हणजे फिक्स्ड पिचचे, हेलिकॉप्टर वर न्यायचे तर रोटरचा वेग वाढवावा लागतो, त्यामुळे प्रतिसाद मंद असतो. आणि मोटार बंद पडली तर खाली पडण्यावाचून त्याला गती नाही. कलेक्टिव्ह पिचच्या यंत्रात रोटरचा वेग साधारण स्थिर राहतो व पात्यांचा कोन बदलून उचल कमीजास्त करतात. इंजिन हवेत बंद पडले तरी उतरताना खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरता ठेवून, जमिनीजवळ तो साठलेला वेग कोन वाढवून खर्ची घालून, यंत्र अलगद टेकवता येते. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. ज्याला पुढे इंजिनाचे यंत्र उडवायचे आहे, त्याने प्रारंभापासूनच कलेक्टिव्ह पिचची सवय करावी, कारण इंजिन कधी ना कधी हवेत बंद पडतेच.

खरेदीची माझी तजवीज पुढीलप्रमाणे आहे. सर्वप्रथम चांगला ट्रान्समीटर घ्यावा, कारण यंत्रे बदलत जातात, पडतात, विकली जातात. ट्रान्समीटर मात्र वर्षानुवर्षे हातात राहतो. थ्रॉटलची, म्हणजे ताकद कमीजास्त करणारी, काठी डाव्या हाताला असावी की उजव्या, म्हणजे मोड दोन की मोड एक, हा वाद पुस्तकांवरून सोडवू नये. जो आपल्याला शिकवणार आहे त्याचा जो मोड असेल तोच घ्यावा, म्हणजे संकटसमयी आपला ट्रान्समीटर त्याच्या हाती देता येतो. तोच ट्रान्समीटर संगणकाला जोडून रिअलफ्लाइट, हेली-एक्स किंवा नेक्स्ट यांसारख्या सिम्युलेटरवर सराव करावा. यंत्राची शेपूट आपल्याकडे असताना तरंगवणे सोपे. ते आडवे उभे असताना कठीण. आणि नाक आपल्याकडे असताना डावे-उजवे उलटे होत असल्याने सर्वांत कठीण. या तिन्ही स्थिती सिम्युलेटरवर विचार न करता जमू लागेपर्यंत मैदानावरील खर्चवेच तहकूब ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यानंतर २५० ग्रॅमच्या आतले, सहा चॅनलचे, कलेक्टिव्ह पिचचे लहान विजेवरचे यंत्र, उदाहरणार्थ एक्सके के-११० च्या जातीचे, घ्यावे. ते गवतात पडले तर बहुधा काहीच मोडत नाही. ते अंगवळणी पडल्यावर ४५० वर्गाकडे जावे, ज्याची पाती सुमारे ३२५ मिलिमीटर लांब असतात आणि उडतेवेळचे वजन ८०० ग्रॅमच्या आसपास भरते.

या ४५० वर्गाला कोणी खेळणे समजू नये. त्याचा रोटर मिनिटाला सुमारे २,६०० फेऱ्या करतो. पात्याच्या टोकाचा वेग हिशेबाने काढला तर तो ताशी ३५० किलोमीटरच्या घरात जातो. इंजिनावरच्या ५० वर्गाच्या यंत्रात, जेथे रोटरचा व्यास जवळजवळ १.३५ मीटर असतो, हाच वेग ताशी ४५० किलोमीटरपर्यंत पोचतो. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये १९ वर्षांचा एक तरबेज तरुण स्वतःच्याच प्रतिकृतीचे पाते लागून मृत्युमुखी पडला. आपल्याकडे २०२१ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे स्वतः घडवलेल्या मोठ्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटून एका होतकरू तरुणाचा अंत झाला. त्याचे यंत्र माणूस बसण्याचे होते, परंतु फिरत्या पात्यात साठलेली शक्ती लहान-मोठ्या यंत्रांत एकाच नियमाने वागते. म्हणून यंत्र जमिनीवरून उठण्यापूर्वी मागे सरून निदान आठ-दहा पावलांचे अंतर राखावे, बघ्यांना त्याच्या कितीतरी पट दूर उभे करावे, आणि थ्रॉटल होल्डची कळ, जी दाबताच मोटारीचा पुरवठा तुटतो, तिच्यावर बोट न पाहता जाईल इतकी सवय करावी.

आता सुट्या भागांचा विचार, ज्यावर माझ्या मते निवडीची खरी मदार आहे. नवशिक्याचे यंत्र पडणार हे गृहीत धरूनच चालावे. एका साध्या पडण्यात मुख्य पाती, मुख्य दांडा, पात्यांना धरणारा फेदरिंग स्पिंडल, मोठे दातेरी चक्र आणि शेपटीची नळी इतके जिन्नस सहज जातात. यंत्र कितीही नामांकित असो, हे पाच जिन्नस आठवड्याभरात हाती येत नसतील तर ते आपल्यासाठी नाही, असे समजावे. तैवानच्या अलाइन कंपनीचे टी-रेक्स ४५० इतके रूढ झाले की त्याच्या मापाचे भाग इतरही अनेकांनी काढले, आणि म्हणून ते जुने असूनही शिकणाऱ्याला आजही किफायतशीर पडते. परदेशातून आख्खे यंत्र मागवण्याचा मोह आवरावा. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांना मुभा राहिली, आणि रिमोटवर उडणारे तयार यंत्र या भेदात कोठे बसवायचे, याची उलटतपासणी कस्टमच्या दप्तरात आपल्या पैशाने होण्यात हशील नाही.

येथे मात्र आपल्या औद्योगिक पट्ट्याचा रहिवासी इतर ठिकाणच्या छांदिष्टापेक्षा भाग्यवान आहे. रोटर-हेडमधील ५ × १० × ४ मिलिमीटरसारखी बेअरिंगे प्रमाणित मापाची असतात. ती हेलिकॉप्टरच्या नावाने महाग घेण्यापेक्षा माप सांगून भोसरी-चिंचवडच्या बेअरिंगच्या दुकानात विचारावीत. विजेचे कनेक्टर आणि सिलिकॉनची जाड वायर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास पाहावी. आणि ज्याची टूलरूममध्ये ओळख आहे, त्याने पडलेल्या यंत्राचा मुख्य दांडा व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने तपासून घ्यावा. डोळ्यांना तो सरळ दिसतो, काचेवर लोळवला तरी सरळ लोळल्यासारखा वाटतो, पण गेजची सुई एका फेरीत दहा-बारा शतांश मिलिमीटर हलली तर तो दांडा टाकून द्यावा. वाकलेल्या दांड्याची थरथर जायरोला चकवते, शेपूट आपोआप भरकटते, आणि नवशिका बिचारा दोष स्वतःच्या अंगठ्यांना देतो. वाकलेला दांडा ठोकून सरळ करण्याची कारागिरी आपल्याकडे पुष्कळांना अवगत आहे. ती येथे वापरू नये. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळे लॉकटाइट थेंबभर लावावे, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मुळीच लावू नये.

जागेचा व कायद्याचा प्रश्न एकमेकांत गुंतलेला आहे. मारुंजीच्या आसपास, नेरे, जांबे, कासारसाईच्या बाजूला, भाताची काढणी झाल्यावर मोकळी शेते मिळतात. मालकाची परवानगी घ्यावी, आणि ती तोंडी न ठेवता लेखी घ्यावी, कारण मागाहून तक्रार झाली तर कागद उपयोगी पडतो. हिंजवडीकडची बाजू इमारती, रहदारी व उच्चदाबाच्या वाहिन्या यांनी भरत चालली आहे. तिकडे उडवू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांत मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचाही समावेश आहे. हरित क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत मुभा आहे. पण कोणते क्षेत्र हरित, हे सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरील नकाशावर दर वेळी पाहावे. लोहगावचा हवाई तळ मारुंजीपासून वीस-एक किलोमीटरवर आहे, तरी देहूरोडची लष्करी ठाणी जवळ आहेत, शिवाय पोलीस आयुक्तालयाचे तात्पुरते मनाईहुकूम प्रसंगविशेषी निघतात. हिंजवडीच्या पोलीस ठाण्यात आधी चौकशी करण्याची तसदी घेतली, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

ड्रोनच्या याच नियमांत इंजिनाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला, तसेच धंद्यासाठी नसेल तर दोन किलोपर्यंतच्या यंत्रालाही, रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोच्या वर गेले की नियमांच्या अक्षराप्रमाणे ते लागते, आणि त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण व मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण अशा अटी आहेत. विजेवरचे ४५० वर्गाचे यंत्र या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते, ५०० वर्गाचे कसेबसे राहते. परंतु ग्लो इंजिनावर, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर, चालणारे रूढ वर्ग, अगदी ३० वर्गसुद्धा, तीन किलोच्या आसपास असतात. म्हणजे इंजिन निवडणे याचा अर्थ आपसूकच प्रमाणपत्राच्या वर्गात शिरणे असा होतो. नियम बदलत असतात, त्यामुळे खरेदीआधी ताजा पाठ वाचून घ्यावा.

एवढे सांगूनही ज्याला इंजिनाचीच ओढ आहे, त्याची ती ओढ मी पूर्णपणे समजू शकतो. विजेचे यंत्र निमूटपणे उडते. ग्लो इंजिनाचा धूर, त्याचा बदलता स्वर आणि इंधनाची मात्रा ठरवणाऱ्या सुईला एक अष्टमांश वळसा देताच त्या स्वरात पडणारा फरक, यांत यंत्राशी संवाद साधल्याचे जे समाधान आहे, ते बॅटरी देऊ शकत नाही. इंजिनांचे वर्ग घन इंचांच्या शतांशांत मोजतात: ३० म्हणजे सुमारे ४.९ घन सेंटिमीटर, ५० म्हणजे ८.२, आणि ९० म्हणजे जवळपास १५. पहिले इंजिन ५० वर्गाचे घ्यावे, असे मी म्हणतो. ३० वर्ग स्वस्त पडतो खरा. पण मारुंजीची उंची साडेपाचशे ते सहाशे मीटरांच्या दरम्यान, आणि वैशाखात पारा ३५ अंशांवर गेला म्हणजे येथल्या हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी कमी भरते. इंजिनाला प्राणवायू कमी आणि पात्यांना आधारही कमी, अशा दुहेरी तुटीत ३० वर्गाचे इंजिन धापा टाकते. ५० वर्गाजवळ शिल्लक ताकद असते. ओसाका येथे १९३६ साली स्थापन झालेल्या ओ.एस. कंपनीची इंजिने टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध आहेत. मात्र विमानाचे इंजिन स्वस्त मिळाले म्हणून हेलिकॉप्टरात बसवू नये, कारण हेलिकॉप्टरच्या इंजिनाचे डोके थंडाव्यासाठी मोठ्या पात्यांचे असते आणि त्याचा कार्ब्युरेटर मधल्या थ्रॉटलवर अचूक चालण्यासाठी घडवलेला असतो.

इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांचे मिश्रण. यातील मिथेनॉल हे विष आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. २०१५ साली मुंबईतील मालवणीत शंभरावर माणसे ज्या विषारी दारूने गेली, तिच्यात हेच द्रव्य होते. त्याच्या साठ्यावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण आहे, टपालाने ज्वालाग्राही द्रव पाठवता येत नाही. तेव्हा इंधन रीतसर मिळण्याची सोय लागल्याखेरीज इंजिन विकत घेऊच नये. हातमोजे घालून, उघड्यावर, मुलांपासून दूर ते हाताळावे. त्याची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागल्याचे कळते ते प्लॅस्टिक वितळू लागल्यावर. मिथेनॉल पाण्यात मिसळते म्हणून पाण्याने ती आग विझते. फाल्गुन-चैत्रात टेकडीवरचे गवत वाळलेले असताना तर पाण्याचा कॅन जवळ असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, वणवा पेटायला ठिणगी पुरते. पावसाळ्यात हेच इंधन हवेतील ओल शोषून घेते. झाकण घट्ट लावावे आणि डबा अर्धवट भरलेला महिनोन् महिने ठेवू नये.

सुईची जुळवणी ही इंजिनाची खरी विद्या. प्रारंभी मिश्रण मुद्दाम ओलसर, म्हणजे इंधन जास्त, ठेवावे. उडताना मागे धुराची सलग रेघ दिसली पाहिजे. खाली उतरवून इंजिन बंद केल्यावर, आणि रोटर पूर्ण थांबल्यावर, इंजिनाच्या मागच्या झाकणीला बोट लावून पाहावे: चार-पाच क्षण बोट टिकले तर मिश्रण ठीक, चटका बसून लगेच काढावे लागले तर ते कोरडे पडले आहे. एक गोष्ट आपल्या हवामानात विशेष सांभाळावी. वैशाखातील विरळ हवेत बरोबर बसलेली सुई पौषातील पहाटे तशीच ठेवली, तर थंड, दाट हवेमुळे मिश्रण कोरडे होते, आणि ऐन थंडीत इंजिन तापून अटकते. ऋतू बदलला की सुई थोडी उघडून पुन्हा प्रारंभापासून जुळवावी. इंजिन सुरू करताना एक हात रोटर-हेडवर घट्ट धरलेला असावा आणि थ्रॉटल तळाशी असल्याची खात्री करून मगच स्टार्टर लावावा. थ्रॉटल वर राहिले असेल तर इंजिन पेटताच क्लच पकडतो आणि रोटर हातातच फिरू पाहतो.

पेट्रोलवरच्या २३ घन सेंटिमीटरच्या इंजिनांचे आकर्षण इंधनाच्या स्वस्ताईमुळे वाटते. पण ती यंत्रे जड, थरथर फार, आणि पंपावरच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने कार्ब्युरेटरचे पडदे लवकर निकामी होतात. टर्बाइनचा तर नवशिक्याने विषयच काढू नये.

विजेच्या यंत्रात इंजिनाच्या जागी ब्रशविरहित मोटार आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी येते. तिचीही पथ्ये कडक आहेत. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, उतरवताना विसावल्यावर ३.७ च्या खाली नाही, आणि ठेवणीत ३.८, एवढे तीन आकडे पाठ असावेत. चार्जिंग शहाबादी फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर आणि स्वतः समोर बसून करावे. उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटरी ठेवू नये. फुगलेली बॅटरी एकदाही अधिक वापरू नये.

अखेरीस वापरलेल्या यंत्राविषयी. इंजिनाची पुष्कळ यंत्रे हौस ओसरल्यावर विक्रीस येतात आणि त्यांच्या किमती मोहात पाडतात. विकणाऱ्याला प्रथम इंजिन सुरू करून दाखवण्यास सांगावे. इंजिन हाताने फिरवताना दट्ट्या वरच्या टोकाशी घट्ट लागला पाहिजे, सैल फिरला तर दाब गेलेला आहे. मागची झाकणी काढता आली तर आतल्या बेअरिंगवर तांबूस गंज आहे का ते पाहावे, कारण मिथेनॉल आत तसेच राहू देणाऱ्यांची इंजिने येथूनच खराब होतात. रोटर-हेड दोन बोटांनी वर-खाली हलवून खेळ किती आहे ते पाहावे, मोठ्या चक्राचे दाते एकेक तपासावे, आणि पाती काढून तराजूवर जोडीने ठेवावीत. वजनात तफावत असेल तर ती जोडी वेगवेगळ्या पडण्यांतून गोळा केलेली आहे, हे ओळखावे व किमतीतून नव्या पात्यांचा, नव्या दांड्याचा आणि नव्या बेअरिंगांचा खर्च वजा करूनच पुढचे बोलणे करावे.